पहिलीची मुले, दुसरीची मुले: मोठ्या वयांतराच्या सावत्र भावंडांविषयी

एकाच वडिलांची पण दोन आयांची, किंवा एकाच आईची पण दोन वडिलांची मुले जेव्हा दहा, पंधरा, कधी वीस वर्षांच्या अंतराने जन्माला येतात, तेव्हा त्यांच्यातील नाते भावंडांचे मानावे की पालक-पाल्याचे, हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात आणि एकूणच महाराष्ट्रात जुना आहे. मात्र त्याविषयीचे लेखन बहुतांशी सावत्र आईभोवतीच फिरत राहिले. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकाने म्हाताऱ्या वराचा आणि कोवळ्या वधूचा विवाह, म्हणजे जरठ-कुमारी विवाह, चव्हाट्यावर आणला. १९३७ च्या ‘कुंकू’ या प्रभातच्या चित्रपटात अशाच विवाहातील तरुण पत्नीसमोर नवऱ्याची वयात आलेली मुलगी उभी केली. या दोन्ही कलाकृतींत लक्ष विवाहावर आहे आणि ते स्वाभाविकही आहे. पण अशा विवाहातून पुढे जी मुले होत, त्यांचे आणि पहिल्या पत्नीच्या मोठ्या मुलांचे काय होई, हे रंगमंचावर किंवा पडद्यावर फारसे आलेच नाही. ते शोधायचे तर आत्मचरित्रांकडे, वारसाहक्काच्या कायद्याकडे आणि घरातल्या रीतिरिवाजांकडे वळावे लागते.

अशी कुटुंबे मोठ्या संख्येने का होती, याचे कारण सरळ आहे. बाळंतपणात स्त्रिया दगावत, आणि १८९६ नंतर प्लेगने त्यात भर घातली; ज्याची पत्नी वारली असा पुरुष, म्हणजे बिजवर, पुष्कळदा वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढे. विधवेला पुनर्विवाहाची बंदी असलेल्या जातींत या पुरुषाला वधू मिळायची ती कुमारिकाच, आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवण्यापूर्वी ती दहा-बारा वर्षांची असणे हे नित्याचे होते. परिणामी पस्तिशी-चाळिशीतल्या गृहस्थाची थोरली मुलगी आणि नवी पत्नी जवळपास एका वयाच्या असत. ही पत्नी वयात येऊन तिला मूल होईपर्यंत आणखी काही वर्षे जात, तोवर पहिलीची मुले मिसरूड फुटण्याच्या किंवा सासरी जाण्याच्या वयाला आलेली असत. मोठ्या मुलाचे लग्न लवकर झाले तर धाकट्याची वहिनी त्याच्या आईच्याच वयाची निघे आणि मामापेक्षा भाचा मोठा असण्याचे प्रसंग येत. इतर अनेक जातींत विधवेचा पाट किंवा म्होतूर लागत असे, आणि तेथे उलट प्रकारचे सावत्रपण, म्हणजे आई एक आणि वडील दोन, निर्माण होई.

या दोन प्रकारांतला फरक कायद्याने फार कसोशीने जपला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात भावंडांचे तीन वर्ग दिसतात: आईवडील दोन्ही एक असलेली सख्खी भावंडे, वडील एक पण आई निराळी असलेली अर्धरक्ताची भावंडे, आणि आई एक पण वडील निराळे असलेली एकोदर भावंडे, म्हणजे एका उदरातून आलेली. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत पहिलीची आणि दुसरीची मुले समान वारस आहेत, तेथे भेदभाव नाही. भेद सुरू होतो तो भावंडांनी एकमेकांचे वारस होण्याचा प्रसंग आला की. कलम १८ नुसार, इतर बाबतींत नाते सारखेच असेल तर सख्ख्याला अर्धरक्ताच्या आधी स्थान मिळते. आणि अनुसूचीतील स्पष्टीकरण असे सांगते की, दुसऱ्या वर्गातील ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ या शब्दांत एकोदर भाऊ किंवा बहीण येतच नाहीत. म्हणजे बापाकडून सावत्र असलेला भाऊ रांगेत थोडा मागे उभा राहतो, आईकडून सावत्र असलेल्याला त्या रांगेत जागाच नाही. तो आलाच तर दूरच्या नातलगांबरोबर येतो.

या व्यवस्थेची मुळे जुन्या धर्मशास्त्रात आहेत, आणि त्या शास्त्राच्या आधुनिक अभ्यासाचा एक मोठा भाग रत्नागिरीच्याच माणसांनी केला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. दापोली तालुक्यातील मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये नीळकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. चिपळूणजवळ जन्मलेले आणि काही काळ रत्नागिरीच्या सरकारी शाळेत शिक्षक असलेले पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये त्याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. मुंबई इलाख्यात मिताक्षरा आणि मयूख हे दोन ग्रंथ प्रमाण मानले जात, पण प्रदेशानुसार त्यांचे वजन बदले: रत्नागिरीसह मराठी मुलखात मिताक्षरेचा शब्द वरचढ, तर मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरातेत मयूखाचा. मिताक्षरेप्रमाणे निपुत्रिकाच्या वारसांत सख्ख्या भावानंतर लगेच सावत्र भाऊ येतो, पुतण्यांच्याही आधी. मयूखकाराने मात्र ‘भ्राता’ या शब्दाचा मुख्य अर्थ एका आईच्या पोटचा असाच धरला आणि सावत्र भावाला सख्ख्या पुतण्याच्या, आजीच्या आणि बहिणीच्याही मागे ढकलून आजोबांच्या बरोबरीने बसवले. थोडक्यात, रत्नागिरीच्या शास्त्राने सावत्र भावाला जितके जवळ धरले, तितके मुंबईच्या शास्त्राने धरले नाही.

जिल्ह्यातील कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई पंथाचे असून त्यांच्या वारसाशास्त्रात चित्र उलटे दिसते. कुराणाने आईकडून सावत्र असलेल्या भावंडांना ठरावीक हिस्सा दिला आहे: एकच असेल तर सहावा, अनेक असतील तर सर्वांत मिळून तिसरा, आणि तोही भाऊ-बहीण असा भेद न करता सारखा, वडिलांकडून सावत्र असलेल्यांना मात्र सख्खा भाऊ असला की काही मिळत नाही. एखादी स्त्री पती, आई, आईकडचे सावत्र भाऊ आणि सख्खे भाऊ मागे ठेवून वारली, तर गणिताने सगळी मालमत्ता पहिल्या तिघांतच संपते आणि सख्खे भाऊ कोरडे राहतात. तेथे शाफिई पंथ सख्ख्यांनाही त्या तिसऱ्या हिश्श्यात सामील करून घेतो, हनफी पंथ घेत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने तर कलम २७ मध्ये पूर्णरक्त आणि अर्धरक्त हा भेदच पुसून टाकला आहे. एकाच गावच्या तीन आळ्यांत तीच दोन मुले तीन वेगवेगळ्या अंतरांवर उभी राहतात.

प्रत्यक्ष माया कशी जडते, याचा अभ्यास मात्र कायद्याच्या बाजूने उभा राहत नाही. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सख्ख्या भावंडांत निम्मी जनुके समान असतात आणि सावत्रांत चतुर्थांश, मग सावत्रपण आईकडचे असो की वडिलांकडचे. पण मूल हा हिशेब करीत नाही; ते खुणा ओळखते. लीबरमन, टूबी आणि कॉस्मिडीस यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा दोन खुणा पुढे आल्या: थोरल्या भावंडाच्या मनात आपलेपण जागे होण्यास आपल्याच आईला नव्या बाळाला पाजताना पाहणे पुरेसे ठरते, धाकट्याला असा पुरावा कधीच मिळू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत एका छपराखाली किती वर्षे एकत्र गेली हे निर्णायक ठरते. हे निष्कर्ष प्रस्तुत प्रश्नाला लावून पाहिले तर एक विसंगती उघड होते. आईकडून सावत्र असलेल्या थोरल्याला पहिली खूण सहज मिळते, आणि हिंदू कायदा नेमके त्यालाच दूर ठेवतो. वडिलांकडून सावत्र असलेल्याला ती मिळत नाही, तो पाहतो ती दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवरचे मूल, आणि कायदा त्याला जवळ करतो. धाकट्याच्या दृष्टीने तर दोन्ही प्रकार सारखेच, कारण त्याला समज येते तेव्हा थोरला किंवा थोरली घरात आधीपासून असतेच.

यात वयाच्या अंतराचे काम काय, हे पाहताना वाइज्नर आणि गॅलिमोर यांचा १९७७ चा तौलनिक आढावा उपयोगी पडतो. जगातील पुष्कळ समाजांत लहान मुलाला सांभाळण्याचे काम आईखालोखाल मोठी भावंडे, विशेषतः मोठ्या बहिणी करतात, असे त्यांनी दाखवले. दोन-तीन वर्षांच्या अंतरात खेळणे, खाऊ आणि आईची कूस यांवरून जी चुरस असते, ती पंधरा वर्षांच्या अंतरात उरतच नाही. थोरल्याचा राग असतो तो वडिलांवर किंवा सावत्र आईवर, बाळावर क्वचितच. आणि कडेवर बाळ घेऊन विहिरीवर जाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला ते बाळ कुणाचे, हे आठवायला सवड नसते. सावत्रपणाची जाणीव धाकट्याला बहुधा बाहेरून होते: शेजारणीच्या बोलण्यातून, किंवा भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, दादा ज्या बाईचे नाव घेऊन श्राद्ध करतो ती आपली आई नाही हे लक्षात आल्यावर. वयातील अंतर हे सावत्रपणावरचे औषध आहे, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. अंतराने चुरस संपते, पण सहवासही कमी होतो, आणि धाकट्याची पहिली पाच-सहा वर्षे थोरला घरात होता की नव्हता यावर बाजी पालटते.

या दृष्टीने मुरुडच्या कर्वे कुटुंबाकडे पाहणे बोधप्रद आहे. धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ, जो १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मला होता, नऊ वर्षांचा होता. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी विधवेशी, देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्याशी, विवाह केला. त्याबद्दल मुरुडकरांनी कुटुंबावर बहिष्कार घातला. येथे नेहमीच्या बिजवरी कुटुंबापेक्षा दोन गोष्टी निराळ्या होत्या. नवी आई ही कोवळी मुलगी नव्हती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली, विशी ओलांडलेली, स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी स्त्री होती, त्यामुळे थोरल्या मुलाशी तिची बरोबरी किंवा स्पर्धा होण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. दुसरे असे की, बहिष्कार हा साऱ्या घरावर होता. ज्या विवाहाने सावत्रपण आले त्याच विवाहाने घराला बाहेरच्यांच्या विरुद्ध एका बाजूला उभे केले.

या विवाहातून शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. दिनकर १८९९ मध्ये जन्मले आणि त्याच वर्षी रघुनाथ मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. एका वाक्यात सतरा वर्षांचे अंतर मोजायचे तर यापेक्षा चांगले माप मिळणे कठीण. पुढे रघुनाथ गणिताचे प्राध्यापक झाले, १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत गेले, दिनकर पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले, भास्कर वडिलांनी उभारलेल्या हिंगण्याच्या संस्थेत राहिले. वडिलांनी आयुष्याची मिळकत संस्थेत ओतली असल्याने चौघांत वाटून घेण्यासारखे फारसे काही मागे उरले नाही, आणि प्रत्येकाचा व्यवसाय निराळ्या गावी होता. सावत्र भावांत तेढ पडायला जे लागते, ते येथे नव्हते. रघुनाथरावांच्या अपत्यहीन राहण्याच्या निर्णयाचे मूळ त्यांच्या सावत्रपणात शोधण्याचा मोह एखाद्याला होईल, पण त्यांच्या मतांची कारणे त्यांनी स्वतःच इतकी विस्ताराने लिहून ठेवली आहेत की असा अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. दिनकरांनी १९६३ मध्ये ‘द न्यू ब्राह्मण्स’ या नावाने महाराष्ट्रातील पाच कुटुंबांच्या आठवणी इंग्रजीत संपादित केल्या, आणि त्यांच्या पत्नी इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. नात्यांचा हा अभ्यास ज्या घरातून झाला ते घरच दोन आयांच्या मुलांचे होते.

याच काळातील दुसरे उदाहरण न्यायमूर्ती रानड्यांचे. त्यांच्या वडिलांनी दुसरा विवाह केला होता, आणि वडिलांच्या निधनानंतर सावत्र आई व लहान सावत्र भाऊ यांचा भार रानड्यांवर आला. थोरला भाऊ धाकट्यांच्या बाबतीत वडिलांच्या जागी उभा राहण्याचा हा सर्वपरिचित प्रकार, ज्यात नाते टिकते पण बरोबरीचे कधीच होत नाही.

आईकडच्या सावत्रपणाचे उदाहरण म्हणून डॉ. रखमाबाईंचे नाव घ्यावे लागते. १८६४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे वडील त्या अगदी लहान असताना वारले आणि सुतार जातीत मोकळीक असल्याने आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या वेळी रखमाबाई आठेक वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतर झालेली भावंडे त्याच घरात त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह वैध केला तरी पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क विधवेकडून काढून घेतला होता, आणि मुलांचा ताबा पहिल्या पतीच्या नातलगांना न्यायालयामार्फत मागण्याची वाटही ठेवली होती. साहजिकच अशी थोरली मुले अनेकदा चुलत्यांकडे राहत आणि धाकट्यांना ती दिसतही नसत. रखमाबाई आईजवळ राहिल्या आणि पहिल्या वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावे होती, हीच गोष्ट पुढे त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी लावलेल्या वैवाहिक हक्कांच्या खटल्यात उगाळली गेली: मुलीला सासरी न पाठवण्यामागे मालमत्ता हातची जाऊ नये हा माहेरचा हेतू आहे, असा आरोप झाला. सावत्र भावंडांच्या नात्यात पैसा शिरला की कोणाच्याही मायेचा सरळ अर्थ लावला जात नाही, हे या खटल्याने दाखवून दिले.

सत्ता अविभाज्य असते तेथे वयाचे अंतर कामी येत नाही. १६८० मध्ये शिवाजी महाराज निवर्तले तेव्हा संभाजीराजे बावीस वर्षांचे आणि सोयराबाईंचे पुत्र राजाराम दहा वर्षांचे होते. रायगडावरील मंत्र्यांनी राजारामांना गादीवर बसवले, पण सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते भाच्याला सोडून त्याच्या सावत्र भावाच्या बाजूने उभे राहिले. दहा वर्षांच्या मुलाचा त्या वैरात काही भाग नव्हता, तो इतरांच्या हातातले साधन होता, आणि संभाजीराजांनी त्याला जिवंत ठेवून हे ओळखल्याचे दाखवले. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेल्यावर राज्य त्याच धाकट्या भावाने पुढे चालवले. पेशव्यांच्या घरी १७४० नंतर सहा वर्षांचा सावत्र भाऊ समशेर बहादूर वाढला तो वीस वर्षांच्या नानासाहेबांच्या छत्राखाली, आणि पानिपतात त्याच घराण्यासाठी लढताना झालेल्या जखमांनी तो मरण पावला. याउलट ब्रह्मदेशाचा थिबा राजा, जो १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, त्याच्या राज्यारोहणानंतर १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात त्याचे कित्येक सावत्र भाऊबहीण मारले गेले. त्याची राणी सुपयालतही त्याची सावत्र बहीणच होती, आणि असा विवाह हिंदू कायद्याने निषिद्ध असल्याने रत्नागिरीकरांना या दोन गोष्टींपैकी अधिक नवल कशाचे वाटले असेल, कोण जाणे. महाभारतात भीष्म हा विचित्रवीर्याचा वडिलांकडून सावत्र भाऊ आणि व्यास हा आईकडून. थोरल्याने हक्क सोडून धाकट्यांना वाढवण्याचा आदर्श भीष्माने घालून दिला खरा, पण सिंहासनाचा त्याग त्या मुलांच्या जन्माआधीच झाला होता, आणि तो त्यांच्यासाठी नव्हे, वडिलांसाठी होता.

आजच्या रत्नागिरीत हा प्रश्न दोन ठिकाणी टोकदार होतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ म्हणजे आधीच्या दशकापेक्षा कमी नोंदली गेली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे चाकरमानीपण आहे. थोरला मुंबईत आणि धाकटा गावात अशी स्थिती असल्यास सहवास गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस एवढाच उरतो, धाकट्याला दादा माहीत असतो तो आणलेल्या वस्तूंवरून, आणि वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करताना दोघे प्रथमच बरोबरीने समोरासमोर येतात. कलमांची बाग ज्याने राखली तो आणि ज्याने पैसे पाठवले तो, यांचा हिशेब सख्ख्या भावांतही जुळत नाही. सावत्रांत त्याला आयांची नावे चिकटतात.

दुसरे ठिकाण सासरी गेलेल्या थोरल्या बहिणीचे. सख्खा भाऊ नसलेल्या मुलीसाठी वडिलांच्या दुसऱ्या संसारात झालेला मुलगा हाच माहेराचे दार उघडे ठेवतो. भाऊबीजेला ओवाळायला भाऊ मिळतो, आणि तो वीस वर्षांनी लहान असला तरी मानाने भाऊच असतो. त्या बदल्यात बहिणीने वडिलोपार्जित जमिनीवरचे हक्कसोडपत्र करून द्यावे, ही अपेक्षा मात्र महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना जन्मतः सहहिस्सेदार ठरवल्यानंतर पूर्वीइतकी मुकाट्याने पाळली जात नाही. दुसरा विवाह पहिली पत्नी हयात असताना झालेला, म्हणून अवैध असेल, तर त्याच्या मुलांना हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे आईवडिलांपुरताच हक्क मिळतो. २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते, त्यातही या मुलांचा भाग आहे.

आईवडील दोन्ही गेल्यास लहान मुलाची जबाबदारी कोणाची, यावर कायदा आणि घर पुन्हा वेगळ्या दिशांनी जातात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात नैसर्गिक पालक म्हणून आईवडिलांचीच गणना आहे, मोठ्या भावाची नाही. त्याला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये दत्तकविधानापुरती नातेवाइकाची व्याख्या काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा एवढ्यावर थांबते. भावंडाचा त्यात उल्लेख नाही. पण तेच मूल एकत्र कुटुंबाचे सहहिस्सेदार असेल, तर त्याच्या वाट्याच्या अविभक्त जमिनीचा कारभार कुटुंबातील प्रौढ सदस्याच्या, म्हणजे बहुधा याच सावत्र दादाच्या, हाती असतो आणि तेवढ्या वाट्यासाठी वेगळा पालक नेमण्याची सामान्यतः तरतूद नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर सही करण्यासाठी ज्याला न्यायालयाचा आदेश आणावा लागतो, त्याला त्याच मुलाच्या हापूसची बाग कराराने द्यायला कुठल्याही आदेशाची गरज पडत नाही.